तुझ्या वकिलाला सातारा ओळखतो

शाहूपुरी, सातारा
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सिरीजची पानं वाचून झाली. प्रिंट काढायला बाबांना पोवई नाक्यावर पिटाळलं होतं, कारण फोनच्या पडद्यावर पेन्सिल चालत नाही. परवा तू विचारलंस तेव्हा मी नुसतं ‘वाचतेय’ म्हणाले. जे सांगायचंय ते फोनवर मावलं नसतं, शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

चांगलं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचशील. आरोपीची आई डबा घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसते, आरोपीला घेऊन आलेल्या पोलीस पार्टीचा हवालदार आधी नाही-नाही करतो आणि मग तोंड फिरवून उभा राहतो, तेवढ्यात ती पोराच्या हातात भाकरी देते. हे जसं घडतं तसंच उतरलंय. एक हात पोलिसाच्या मुठीत असताना दुसऱ्या हाताने भाकरी कशी मोडतात, हे तुला कुठून कळलं कोण जाणे. ते पान बदलू नकोस, निर्माता काहीही म्हणो.

आता चुका. बारीकसारीक आहेत त्या झटपट उरकते.

न्यायाधीशांच्या हातात तू हातोडा दिलायस. मी टाइपरायटरच्या दिवसांपासून कोर्टात बसले, आपल्याकडे हातोडा कधी बघितला नाही. गोंधळ झाला की साहेब चष्मा काढून समोर बघतात, तेवढं पुरतं. आरोपीला तू गीतेवर हात ठेवायला लावलायस. साक्षीदाराची शपथ १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे होते, देवाची किंवा नुसती प्रतिज्ञेवर, पुस्तकबिस्तक काही नसतं. आणि आरोपीला शेवटी साहेब जे प्रश्न विचारतात, ज्याला सगळे ‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणतात, तो तर शपथेवर घेतच नाहीत. ज्युरी घातली नाहीस हे शहाणपणाचं केलंस. पण तुझा वकील शेवटचं भाषण करतो ते मात्र ज्युरी बसलीय अशा थाटात, मागच्या बाकांकडे तोंड करून. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवलं, सेशन जज्जांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे थोड्याच वर्षांत ज्युरी गेली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिचा मागमूसही उरला नाही. आता समोर एकच माणूस असतो. त्याच्या बोर्डावर त्या दिवशीची ढीगभर प्रकरणं असतात, आणि त्याला भाषण नको असतं, निशाणी नंबर, म्हणजे पुराव्याच्या कागदाचा क्रमांक, हवा असतो.

एक गोष्ट मात्र बारीक नाही. तुझे साक्षीदार बोलतात ते जसंच्या तसं कागदावर जातं. तसं होत नाही. साक्षीदार म्हणतो, ‘तवा अंधार हुता, म्या काय नीट बघितलं न्हाई.’ साहेब माझ्याकडे वळून सांगतात, ‘घटनेवेळी अंधार असल्याने मला स्पष्ट दिसले नाही, हे म्हणणे खरे आहे.’ मी तेच टाइप करते. पुढे हायकोर्ट वाचतं ते माझं वाक्य. साक्षीदाराचा थरथरणारा आवाज, फिर्यादीकडे टाकलेली नजर, मध्येच प्यायलेलं पाणी, यातलं काहीच वर पोचत नाही. कोर्टात घडतं एक आणि रेकॉर्डवर येतं त्यातलं थोडंसं. तुझी सगळी गोष्ट या दोन्हींच्या मधल्या जागेत आहे असं मला वाटतं, आणि तू मात्र ती जागा सोडून नाटकाच्या स्टेजवर गेलीस.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुझा वकील. कोरेगाव तालुक्यातला, १९९४ साली सतराव्या वर्षी खुनाच्या केसमध्ये सापडलेला. १९९६ साली संशयाचा फायदा मिळून सुटला, आडनाव टाकून गावाच्या नावावरून नवं घेतलं, पुण्यात एलएलबी केलं आणि परत साताऱ्यात येऊन वकिली करू लागला. वीस वर्षं कुणालाही पत्ता नाही. मग सरकारी वकील शेवटच्या दिवशी उभा राहून त्याचं बिंग फोडतो, कोर्टात सन्नाटा पसरतो, वकिलीची सनद जाते, आणि हा पावसात चालत निघून जातो.

पाऊस राहू दे. बाकी काही टिकत नाही.

सरकारी वकील असं बोलायला उभा राहिला तर साहेब पहिला प्रश्न विचारतील, ‘याचा या केसशी संबंध काय?’ आणि त्याच्याकडे उत्तर नसेल. आरोपीचाच मागचा वाईट लौकिक सहसा पुराव्यात येत नाही, तिथे आरोपीच्या वकिलाचा कोण घेणार? सनदही अशी जात नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद नाकारतात, आणि तीही बंदी सुटकेनंतर दोन वर्षांनी उठते. तुझ्या माणसाला तर शिक्षाच झालेली नाही. निर्दोष सुटलेला माणूस वकील होऊ शकतो. आडनाव बदलणं हाही गुन्हा नाही, लोक राजपत्रात छापून रोज बदलतात. धोका एकाच ठिकाणी आहे. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून सनद मिळवली असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाला ते नाव पटावरून काढता येतं. म्हणजे सनदेच्या अर्जात त्याला कधी खटल्याबद्दल विचारलं गेलं आणि त्याने ‘नाही’ लिहिलं, तर ती ओळ त्याला नडेल. खुनाचा खटला नडणार नाही, चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराने घाबरून लिहिलेला एक शब्द नडेल. हे तुझ्या पावसापेक्षा जास्त भीतीदायक आहे की नाही, तूच सांग.

वयाचं मात्र तू बरोबर धरलंयस, मुद्दाम की चुकून ते माहीत नाही. आज सतरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो. पण १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच अल्पवयीन धरायचे, मुलगी अठरापर्यंत. अठराची मर्यादा मुलांना २००० च्या कायद्याने आली. त्यामुळे १९९४ मध्ये हा पोरगा मोठ्या माणसांसारखाच सेशन कोर्टात उभा राहणार आणि मोठ्या माणसांबरोबरच जेलमध्ये झोपणार. हे एका वाक्यात कुठेतरी येऊ दे.

आता ‘वीस वर्षं कुणालाही पत्ता नाही’ याबद्दल. मनू, तू साताऱ्यात वाढलीस ना? इथे नवीन माणूस भेटला की आपण काय विचारतो? कुठले, कुणाचे, पाहुणे कुठले. तिसऱ्या उत्तरापर्यंत समोरच्याला तुझी आत्या सापडलेली असते. कोरेगावचा पोरगा साताऱ्याच्या बारमध्ये वीस वर्षं वकिली करतो आणि ज्या बेलिफाने त्याच्या गावात समन्स बजावलं त्याला तो कळत नाही? शिरस्तेदाराची सासुरवाडी शेजारच्या गावची, त्याला कळत नाही? सगळ्यांना माहीत असणार. बोलत कुणी नसणार, एवढंच.

असे एक ज्येष्ठ वकील मी बघितले आहेत. नाव सांगणार नाही, आणि बाबांना विचारू नकोस, ते सांगून टाकतील. तरुणपणी ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले. सुटले, शिकले, वकील झाले, चांगले झाले. नव्याने आलेल्या ज्युनियरला कुणी बसवून ही हकीकत सांगत नसे, पण वर्षभरात त्याला ती कळलेलीच असे, कशी ते देव जाणे. एकदा बाहेरून खास नेमलेले एक सरकारी वकील आले होते. उलटतपासात खटके उडाले आणि ते फटकन म्हणाले, ‘वकीलसाहेबांना पिंजऱ्यातून कोर्ट कसं दिसतं याचा अनुभव आहेच.’

माझी बोटं मशीनवर थांबली. पट्टेवाला दाराशी होता, तो आत बघायला लागला. साहेब बदलीवर नुकतेच आलेले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण त्यांनी शिरस्तेदाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आमच्या तोंडांवरून त्यांना जे कळायचं ते कळलं. मला म्हणाले, ‘हे घेऊ नका.’ मी घेतलं नाही. ज्येष्ठ वकील साक्षीदाराकडे वळले आणि पुढचा प्रश्न विचारला, विहिरीपासून रस्ता किती लांब आहे असा काहीतरी. त्या दिवशीच्या साक्षीत तो रस्ता आहे, ती विहीर आहे. ते वाक्य नाही. दुपारी बाररूममध्ये त्या पाहुण्या वकिलांच्या टेबलावर कुणी चहाला बसलं नाही.

तुला थरार कुठे आहे ते बघायचं असेल तर इथे बघ. माहीत नसलेली गोष्ट उघडी पडली तर प्रेक्षक दचकतो आणि विसरतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आता कागदावर येते की काय, या भीतीने माणूस खुर्चीच्या काठावर येतो.

तू मागे म्हणाली होतीस, साताऱ्यात काय घडतं, थरार मुंबईत घडतो. चार भिंतीला, त्या १८५७ च्या स्मारकाला, शेवटची कधी गेलीस? रंगो बापूजी, इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले, १८४० ते १८५३ तिथे अर्ज-विनंत्या करत राहिले. हाती काही लागलं नाही. परत आले आणि १८५७ च्या कटात उतरले. इंग्रजांनी गेंडामाळावर ज्या सतरा जणांना मारलं त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र सापडले नाहीत, कधीच नाहीत. कायद्याच्या वाटेने सगळं करून बघितलेला म्हातारा माणूस, मुलगा फासावर गेलेला, डोक्यावर बक्षीस, आणि तो नाहीसा होतो. कुणाच्या तरी घरी जेवला असेल ना तो? कुणीतरी अंथरूण घातलं असेल ना? कुणालाच माहीत नव्हतं हे मला पटत नाही. सांगितलं नाही कुणी.

बरं. नुसती नावं ठेवून मोकळी होणार नाही. तुझं सामान तेच ठेवून मी एक वाट सुचवते. पटली तर घे.

आधी केस त्याच्याकडे येते कशी ते बदल. तू बार असोसिएशनचा ठराव घातलायस, खुनाचा आरोप असलेल्या या मुलाचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, आणि हा एकटा वीर पुढे येतो. असे ठराव लोक अजून करतात हे खरं, पण ते बेकायदेशीर आहेत असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच स्पष्ट सांगितलंय. आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आता लोक अभिरक्षक कार्यालय असतं, तिथे पगारी वकील अशा आरोपींचं काम बघतात. तुझ्या माणसाला तिथे बसव. केस त्याने निवडलेली नको. एका सोमवारी फाईल टेबलावर येऊन पडते, बाकीच्या चार फाइलींसारखी.

तो चार्जशीट वाचतो. पोराने पोलिसांसमोर कबुली दिलीय, तिला किंमत नाही. पोलिसांकडची कबुली पुराव्यात चालत नाही. चालतो तेवढा तुकडा ज्याच्यामुळे एखादी वस्तू सापडली. म्हणून प्रत्येक खुनाच्या चार्जशीटमध्ये ते वाक्य असतं, दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो, ‘मी कोयता लपवून ठेवलेली जागा दाखवतो व तो काढून देतो.’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की झोपेतही करेन. त्यामुळे वाक्य सारखं असण्यात संशयास्पद काही नाही, तू त्यावर जोर देऊ नकोस. त्याची नजर खाली सहीवर जाते. पंच क्रमांक दोन. चौकीजवळच्या टपरीवाल्याचं नाव. हेच नाव तीस वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या पंचनाम्याखाली होतं.

आणि त्याला एक गोष्ट माहीत आहे जी त्या पंचाशिवाय आणि पोलिसांशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नाही: तेव्हा तो पंच तिथे नव्हताच. कोयता काढून दिला म्हणतात त्या सकाळी ओढ्याकाठी दोन पोलीस आणि हा पोरगा, एवढेच होते. सह्या नंतर चौकीत झाल्या.

आता तुझ्या वकिलाची कोंडी बघ. तो पंच कायमचा, पोलिसांच्या घरचा आहे हे कोर्टाला दाखवायचं तर तो साक्षीत विचारणार, ‘यापूर्वी कधी पंच होता?’ पंच म्हणणार, ‘नाही, पहिल्यांदाच.’ साक्षीदाराच्या निष्पक्षपणाबद्दलचा प्रश्न असेल आणि तो खोटं बोलला, तर ते खोडायला कागद आणता येतो. कागद कोणता? १९९६ चा निकाल. त्यात पंचाचं नाव आहे. आरोपीचंही आहे, जुन्या आडनावासकट, गावासकट. आजच्या केसेस कुणीही मोबाइलवर बघतं, पण १९९६ ची फाईल कुठल्या वेबसाइटवर नाही, ती रेकॉर्ड रूममध्ये फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात आहे. नकलेसाठी अर्ज करावा लागणार, अर्जावर अर्जदाराचं नाव लिहावं लागणार. नकलांच्या खिडकीवरचा कारकून अर्ज वाचेल, वर बघेल, आणि म्हणेल, ‘मंगळवारी या साहेब.’ बस्स, एवढंच म्हणेल. हा प्रसंग तू लिहिलास तर मी पुढचं सगळं माफ करेन.

फाईल दुसऱ्या वकिलाला देऊन टाकावी? देता येईल. कारण सांगावं लागेल, आणि दुसऱ्याला तो प्रश्न सुचणार नाही. त्याने स्वतः साक्ष द्यावी? ज्या केसमध्ये आपण साक्षीदार होणार त्यात वकील राहता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. आणि पक्षकाराशी, केसमधल्या लोकांशी आपला काही संबंध असेल तर तो आधी पक्षकाराला सांगायचा, हाही नियम आहे. म्हणजे जेलच्या मुलाखतीच्या खोलीत त्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याला सांगावं लागणार की मी कोण आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं वकील फोडू शकत नाही. पण वकिलाचं गुपित पक्षकाराने बराकीत चारचौघांना सांगितलं तर त्याला कायदा अडवत नाही.

तरी तो सांगतो. मग साक्षीचा दिवस. नक्कल दाखवल्यावर पंच म्हणतो, ‘हां, ते होय, आठवलं.’ पंचनामा तुमच्यासमोर झाला? झाला. आरोपी तुमच्यासमोर बोलला? बोलला की, चांगला तासभर. मी त्याच्या शेजारी उभा होतो. मग तुझा वकील, हातातला कागद टेबलावर ठेवून, विचारतो: ‘तो आरोपी दिसला तर ओळखाल?’

‘ओळखीन की.’

दोघांत चार फुटांचं अंतर आहे. शिरस्तेदाराला माहीत आहे, पट्टेवाल्याला माहीत आहे, मागच्या बाकावरच्या वकिलांना माहीत आहे, टाइप करणाऱ्या बाईला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त साहेबांना आणि पंचाला. रेकॉर्डवर काय आलंय? ‘सदर आरोपीस मी ओळखू शकेन.’ आता पुढचा प्रश्न विचारायचा की नाही?

सांगून ठेवते, कायद्याने बघितलं तर त्या प्रश्नाने फारसं काही सिद्ध होत नाही. सतरा वर्षांचा पोरगा पन्नाशीच्या आसपास ओळखू आला नाही, यात नवल काय, असं सरकारी वकील दोन मिनिटांत म्हणेल. म्हणजे एवढं सगळं उघडं करून हाती किती लागणार ते त्याला नीट ठाऊक आहे. बाबांचं मत आहे की त्याने विचारावं. माझं वेगळं आहे, पण ते मी तुला सांगणार नाही, नाहीतर तू मुद्दाम उलटं लिहिशील.

आणखी एक, आणि यावर मात्र मी भांडणार आहे. १९९४ मध्ये तो निर्दोष होता असं तू दुसऱ्या भागातच सांगून टाकलंस. काढ ते. संशयाचा फायदा देताना कोर्ट ‘याने केलं नाही’ असं म्हणत नाही, ‘सिद्ध झालं नाही’ म्हणतं. १९८४ च्या सारडा निकालात सुप्रीम कोर्टाने परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या, वकील त्यांना पंचशील म्हणतात. साखळी अशी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असण्याला जागाच राहू नये. ‘याने केलं असेल’ आणि ‘यानेच केलं’ यात फार अंतर आहे, ते अंतर पुराव्याने भरलं नाही तर सोडायचं. त्याने केलं की नाही, हे निकालात नसतं. पंच खोटा होता आणि पोराने खून केला होता, ही दोन्ही वाक्यं एकाच फाईलमध्ये खरी असू शकतात. पोलिसांना माणूस बरोबर सापडतो आणि कागद ते खोटे करतात, असं होतं. माझ्यासमोर झालंय असं मी म्हणत नाही, पण निकाल ऐकून घरी येताना मला कितीदा वाटलंय.

तुझ्या वकिलाला माहीत आहे की पंच खोटा होता. त्या ओढ्याकाठी आणखी काय झालं होतं तेही त्याला माहीत आहे. प्रेक्षकाला ते कळता कामा नये. तो आज ज्या पोराला वाचवतोय त्याच्याकडे बघतो तेव्हा त्याला काय दिसतं, निर्दोष पोरगा की स्वतः, हे कुणालाच ठरवता येऊ नये. निर्माता म्हणेल, हिरो स्वच्छ पाहिजे. त्याला म्हणावं, मग साबणाची जाहिरात काढ.

तारखांचं एक. तू गुन्हा डिसेंबर २०२४ मधला दाखवलायस आणि सगळे ‘तीनशेदोन’ म्हणतायत. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यानंतरचा खून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली येतो. बोलताना लोक तीनशेदोनच म्हणतात, अजून बरीच वर्षं म्हणतील, पण चार्जशीटवर तसं लिहिलेलं दाखवू नकोस. शिवाय नव्या संहितेत झडती-जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगितलंय. चित्रीकरण आलं की माझा टपरीवाला पंच गेला. म्हणून गुन्हा आणि पंचनामा मे २०२४ मध्ये ने. कलम ३०२ बरोबर ठरेल, पंचही राहील. शेतातली पिकं तेवढी बदल, मे महिन्यात ज्वारी उभी नसते.

येशील तेव्हा शनिवार-रविवार धरून येऊ नकोस, मधल्या वारी ये. सेशन कोर्टात मागच्या बाकावर माझ्याबरोबर दिवसभर बस. मोबाइल बंद, वही चालेल. साक्षीदार काय बोलतो ते एका पानावर लिही आणि साहेब काय सांगतात ते समोरच्या पानावर. तुझी वाक्यं बदलतील.

बाबा ठीक आहेत. गुडघ्याचं तेच.

तुझी,
आई

ता. क. राहिलंच. शिक्षा झाल्यावर तू अपील मुंबईला पाठवलंयस. आता साताऱ्याची अपिलं कोल्हापूरला जातात, १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. समुद्र दाखवायचाच असेल तर त्याआधी निकाल लावावा लागेल. पण मे २०२४ च्या खुनाचा निकाल सव्वा वर्षात लागलेला दाखवलास, तर निदान साताऱ्यात तरी तुझी सिरीज लोक विनोदी समजतील.